बेबीमावशी मोठी दिसावी म्हणून

आईला बेबीमावशी नीट दिसत नव्हती, एवढीच मूळ गोष्ट. मी त्यात हात घातला नसता तर ती आपोआप मार्गी लागली असती. पण मी हात घातला.

बेबीमावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. वय वर्षं शहात्तर, तरी बेबीच. बसने पाच तासांवरच्या गावात, दोन खोल्यांत ती एकटी राहायची. दर रविवारी दुपारी दोघी बहिणी माझ्या मोबाईलवर व्हिडिओ कॉल करायच्या. आता आईच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. मोठं असेल ते दिसेल, बारीक दिसणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं. मोबाईलमध्ये मावशी होणार अंगठ्याएवढी. आई फोन नाकाशी आणायची, हात लांब करून बघायची, काच पुसायची, शेवटी ‘कुणीतरी पांढरं हलतंय’ म्हणून फोन मांडीवर ठेवायची आणि नुसतं ऐकत बसायची.

अशाच एका रविवारी मावशीने सांगितलं की महिनाअखेरीला ती मुलीकडे जाणार, कायमची. मुलगी इतकी लांब की आपल्याकडे दुपार असते तेव्हा तिकडे लोक झोपलेले असतात. दोन खोल्या रिकाम्या करून द्यायच्या होत्या, तिकीट काढून झालं होतं. फोन बंद झाल्यावर आई कुणाकडेच न बघता म्हणाली, “एकदा तिचं तोंड नीट बघायला मिळालं असतं.”

हे वाक्य आम्ही दोघांनी ऐकलं, मी आणि माझ्या बायकोने. बायको म्हणाली की शनिवारी सकाळी सहाची बस आहे, आईंना घेऊन जा, रविवारी या. मी म्हणालो, ऐंशी वर्षांच्या बाईला पाच तास बसमध्ये आदळत न्यायचं आणि पाच तास आदळत आणायचं, हे कुठल्या काळातलं बोलणं? मोबाईल आपल्याकडे आहे. तो एका केबलने मोठ्या मॉनिटरला जोडला की झालं. मावशी खिडकीएवढी दिसेल. बायको त्यावर काही बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा आपण जिंकलो असं मी बावीस वर्षं समजत आलोय.

माझ्या आत्मविश्वासाला आधार नव्हता असं नाही. मी पाणीपट्टीच्या कचेरीत वरिष्ठ लिपिक आहे आणि तिथे तंत्रज्ञान या विषयात माझ्या शब्दाला मान आहे. म्हणजे प्रिंटर अडकला की मला हाक मारतात, मी तो बंद करतो, मग चालू करतो, आणि लोक समाधानाने आपापल्या जागी जातात.

टीव्हीला जोडणं शक्य नव्हतं. आमचा टीव्ही भिंतीवर उंच टांगलेला, आणि आईला वीतभर अंतरावरून बघावं लागतं. तिला टेबलावरचा मॉनिटर हवा होता. आमच्या कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये, मोडक्या खुर्च्यांच्या ढिगाखाली, असे चांगले चालणारे सात मॉनिटर तीन वर्षं पडून होते. त्यातला एक महिनाभरासाठी मागून आणायचा, एवढं सोपं काम.

भांडार सांभाळणारे गृहस्थ भले आहेत. त्यांनी मला चहा पाजला आणि सांगितलं की मॉनिटर देता येणार नाही. हे मॉनिटर निकामी ठरवण्याचा प्रस्ताव वर गेलेला होता. तो मंजूर होईपर्यंत ते कागदोपत्री वापरात होते, आणि वापरातली वस्तू फक्त दुरुस्तीसाठी बाहेर जाऊ शकते. मग दुरुस्तीसाठी न्या, असं त्यांनीच सुचवलं. अर्जात बिघाड लिहावा लागतो. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी कागदावर खोटं लिहिलेलं नाही, पण त्या दिवशी धडधाकट मॉनिटरबद्दल स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिलं : ‘चित्र दिसत नाही.’ पुढे ते वाक्य इतकं खरं ठरलं की आता त्याला खोटं म्हणायलाही जीभ रेटत नाही.

अर्जावर तीन सह्या लागल्या. तिसरी सही करणारे साहेब प्रशिक्षणाला गेले होते. ते आले, सही झाली, आणि फाटकावरच्या पहारेकऱ्याने मॉनिटर अडवला, कारण अर्जातल्या क्रमांकात इंग्रजी आठचा आकडा होता आणि मॉनिटरच्या पाठीवर इंग्रजी बी. मी त्याला दोन्ही सारखे दिसतात हे समजावू लागलो. तो म्हणाला, सारखे दिसतात म्हणूनच तर मला इथे बसवलंय. क्रमांक दुरुस्तीचं पत्र येईपर्यंत मॉनिटर दोन दिवस त्याच्या खोलीत राहिला. मी आणायला गेलो तेव्हा त्याला टेकवून आरसा ठेवलेला होता आणि पहारेकरी दाढी करत होता.

या सगळ्यात पहिला शनिवार गेला.

मॉनिटर घरी आला तेव्हा बघायला शेजारचे फोनवाले काका आले. काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेत, उमेदीच्या काळात खांबावर चढायचे, आणि अजूनही शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टेस्टर ठेवतात. त्यांच्या मते जगातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ अर्थिंगमध्ये असतं. वरच्या मजल्यावरच्या बाईही आल्या. त्यांचं म्हणणं असं की केबल लागतच नाही, त्यांचे जावई सगळं हवेतून करतात. बाईंनी अर्धा तास माझा मोबाईल हातात घेऊन हवेतून करून बघितलं आणि आमच्या भिंती जाड आहेत असा निष्कर्ष काढून त्या चहा पिऊन गेल्या.

मी केबल आणायला गेलो. दुकानदाराने विचारलं, मोबाईलचं भोक नवीन चपटं आहे ना? आहे म्हटलं. आणि मॉनिटरचं कसलं आहे? इथे माझा स्वाभिमान आडवा आला. घरी जाऊन बघून येतो, असं म्हणायला काही हरकत नव्हती. पण मी म्हणालो, “मॉनिटरचं काय, मॉनिटरला असतं तेच.” त्याने हल्ली असतं ते दिलं. माझ्या मॉनिटरला हल्लीचं नव्हतं. त्याला जुनं, रुंद, पंधरा छिद्रांचं आणि दोन बाजूंना पिळायचे स्क्रू असलेलं होतं. केबलचं तोंड आणि मॉनिटरचं तोंड यांची ओळखसुद्धा निघेना.

पाकीट फोडलेलं असल्यामुळे केबल परत होणार नव्हती. दुकानदाराने मग मध्ये लावायची एक काळी डबी दिली. डबीला स्वतःची वीज लागायची, म्हणून तिची वेगळी वायर. डबीपासून मॉनिटरपर्यंत आणखी एक केबल. अशा रीतीने मोबाईल, केबल, डबी, डबीची वायर, दुसरी केबल आणि मॉनिटर असा संसार आईच्या खोलीतल्या टेबलावर मांडला गेला. अतिदक्षता विभागात पेशंट ठेवावा तसा माझा मोबाईल त्यात पडलेला. मी देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. काळ्या पडद्यावर एक छोटी निळी चौकट उगवली आणि या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तरंगू लागली. तिच्यात इंग्रजीत लिहिलं होतं, सिग्नल नाही.

आई पुढे झुकून बघत होती. तिला निळं काहीतरी हलताना दिसलं. तिने विचारलं, “काय म्हणतंय ते?”

“तयारी चालू आहे म्हणतंय,” मी म्हणालो.

“बरं,” ती म्हणाली आणि हात मांडीवर घेऊन वाट बघत बसली. ती चौकट अशी पाऊण तास तरंगली.

दुसऱ्या दिवशी काकांनी अर्थिंग तपासायला घेतलं. आमच्या मजल्यावरची वीज सकाळी अकराला गेली आणि चारला आली. अर्थिंग उत्तम असल्याचं काकांनी जाहीर केलं. मधल्या वेळात समोरच्यांच्या फ्रीजमधलं दूध नासलं. त्यांनी ते मला बोलून नाही दाखवलं, पण पातेलं आमच्या दारासमोरून दोनदा नेलं.

दुसरा शनिवार गेला. रविवारी आईने मावशीला फोनवर सांगितलं की हा तुला मोठी करतोय. मावशी हसली असणार, आईही हसली. मी बाजूला बसून स्क्रू पिळत होतो. माझी मान ताठ झाली होती, ती अभिमानाने की त्या बैठकीने, हे आता सांगता येणार नाही.

तिसऱ्या आठवड्यात मी रजा टाकून मोबाईलच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. टोकन मिळालं त्रेचाळीसचं. सव्वादोन तासांनी काउंटरवरच्या बाईंनी मोबाईल हातात घेतला, उलटा केला, मॉडेलचा नंबर वाचला आणि परत दिला. त्या म्हणाल्या की या फोनमधून चित्र बाहेर येत नाही. यातून फोन चार्ज होतो आणि फायली जातात. केबल कितीही चांगली आणली तरी येणार नाही.

“मग इतकं मोठं नवीन भोक ठेवलंय कशाला?” मी विचारलं.

“चार्जिंगला, सर,” त्या म्हणाल्या. त्या ‘सर’मध्ये इतकी दया होती की मी खाली बघितलं. मग त्यांनी विचारलं की घरात दुसरा एखादा फोन आहे का, वरच्या किमतीचा, त्यातून बहुतेक येईल. मी नाही म्हणालो.

का म्हणालो, ते सांगायला हवं. बायकोचा फोन वरच्या किमतीचा आहे. तिच्या भावाने दिलेला. आणि पहिल्या निळ्या चौकटीच्या दिवशीच ती म्हणाली होती, “अहो, माझा लावून बघा ना एकदा.” त्यावर मी तिला सांगितलं होतं की तंत्रज्ञान म्हणजे काही चप्पल नव्हे, याची होत नाही तर त्याची घालून बघायला. एवढं छान वाक्य बोलून झाल्यावर माघार घेणं जड जातं. मी घरी येऊन सांगितलं, एक सुटा भाग मागवलाय, चारसहा दिवसांत येईल. तिसऱ्या शुक्रवारी बायकोने पुन्हा बसचा विषय काढला. मी म्हणालो, आता भाग येतोच आहे. तिसरा शनिवार त्या न मागवलेल्या भागाची वाट बघण्यात गेला.

चौथ्या आठवड्यात, गुरुवारी संध्याकाळी, बायको भाजी आणायला गेली असताना तिचा फोन टेबलावर राहिला होता. मी तो चोरासारखा उचलला आणि केबलला लावला. क्षणात पडद्यावर चित्र आलं. तिच्या फोनचा सगळा चेहरामोहरा, खिडकीएवढा. मी खुर्चीत बसलो. इतका आनंद आणि इतकी लाज एकाच वेळी मला पूर्वी कधी झाल्याचं आठवत नाही.

खरं तर तेव्हाच शांत राहायला हवं होतं. पण चार आठवडे ज्यांचे सल्ले ऐकले त्यांना निकाल दाखवावा असं वाटलं. काका आले, वरच्या बाई आल्या, समोरचे आले आणि सोसायटीचे सेक्रेटरीही आले. बायको परत आली तेव्हा तिचा फोन टेबलावर आणि घर भरलेलं. ती सगळ्यांना चहा द्यायला आत गेली. मी तिच्या फोनमधले आईचे जुने फोटो दाखवत होतो. आई स्वतःला बघत होती, ‘ही मी का?’ विचारत होती, सगळे वाहवा करत होते. तेवढ्यात पडद्याच्या वरच्या बाजूने एक पट्टी खाली उतरली. बायको पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, तिथून तिला निरोप येत असतात. पट्टीवर तळहाताएवढ्या अक्षरांत आमच्या सोसायटीचं नाव, सेक्रेटरी साहेबांचं नाव, आणि पुढे, ‘लघवीचा नमुना पुन्हा घ्यावा लागेल, कळवावे.’

सेक्रेटरींनी कप खाली ठेवला. कळलं मला, एवढंच म्हणून ते उठले. दुसऱ्या दिवशी बायको त्यांच्या घरी जाऊन माफी मागून आली. त्यांच्या बायकोला त्या तपासणीचं काही माहीत नव्हतं म्हणे. माफी मी मागायला हवी होती. अजून मागितलेली नाही. जिन्यात भेटले की आम्ही दोघंही पाण्याच्या टाकीबद्दल बोलतो.

शुक्रवारी रात्री जेवताना बायकोने शेवटचं विचारलं. मावशीला न्यायला गाडी रविवारी चारला येणार होती. शनिवारी सकाळच्या बसने निघालं तर दोघी बहिणींना एक अख्खा दिवस मिळत होता. मी म्हणालो, आता जमलंय तर कशाला? बायको आईकडे बघत राहिली.

“राहू दे गं,” आई म्हणाली. “त्याने एवढं केलंय.”

रविवारी मी दुपारी दोनलाच टेबल मांडलं. तीनला फोन लावला तर मावशीकडे कोणी उचलेना. सामान बांधण्याची धांदल असणार. साडेतीनला उचलला. चित्र पडद्याच्या मधोमध उभ्या फटीसारखं आलं, मग मी फोन टेबलावर आडवा केला, आणि बेबीमावशी अख्ख्या पडद्यावर पसरली.

खुर्ची पुढे ओढून आई पडद्याच्या वीतभर जवळ गेली. आईला नीट बघायचं असलं की ती थेट न बघता जरा बाजूला बघते, कडेची नजर शाबूत आहे तेवढ्याने. तशी तिने मान वळवली, मग दुसरीकडे वळवली. मी बायकोकडे बघितलं. बायकोचे डोळे भरले होते. या पाच मिनिटांसाठी मी सगळं केलं होतं, आणि ती पाच मिनिटं खरी होती, एवढं मला कबूल करू द्या.

“केस कापलेस?” आई म्हणाली.

“प्रवासात त्रास नको म्हणून,” मावशी म्हणाली. “दिसतंय तुला?”

“दिसतंय. कानाशी वाकडे कापलेत.”

मावशी हसली. तिच्या मागे दोरीने बांधलेल्या बॅगा दिसत होत्या, भिंतीवरून काढलेल्या घड्याळाचा गोल डाग दिसत होता. मग मावशीने डोळे बारीक केले, फोन जवळ घेतला आणि विचारलं, “ताई, तू कुठे आहेस? मला पंखा दिसतोय.”

मला आधी कळलंच नाही. मग मी टेबलावर बघितलं. बायकोचा फोन पाठीवर पडला होता, आणि त्याचा कॅमेरा बघत होता सरळ वर, छताकडे. चार आठवडे मी आईला काय दिसेल याचा विचार केला होता. मावशीला काय दिसेल, हा प्रश्न माझ्या मनाला शिवलाही नव्हता. आतापर्यंत फोन आईच्या हातात असायचा, त्यामुळे निदान मावशीला तरी बहीण दिसत होती. ते मी काढून घेतलं होतं.

मी फोन उचलून आईसमोर धरला. पडदा काळा झाला. डबीच्या वजनाने केबल ओढली जायची आणि फोन जरा उभा केला की जोड सुटायचा. पुन्हा आडवा ठेवला. मावशी आली, पण तिला पंखा दिसू लागला. पुन्हा उचलला. पडदा काळा. तिकडून मावशी म्हणत होती की ताई आली, ताई गेली. मी दोन्ही हातांनी केबल दाबून धरली, बायकोने डबी उचलून धरली, तरी तेच. पावणेचार वाजले होते.

माझ्या फोनवरून मावशीच्या शेजारणीला दुसरा कॉल लावून मावशीला आई दाखवता आली असती. हे मला दोन दिवसांनी आंघोळ करताना सुचलं.

आईने हात पुढे करून चाचपडत माझं मनगट धरलं.

“ते काढ,” ती म्हणाली.

“अगं, एक मिनिट, बसतंय आता.”

“मी बघितलं तिला. आता तिला बघू दे.”

मी केबल काढली. ती सहज निघाली. बायकोचा फोन मी आईसमोर धरला, आणि आईने पदर सारखा करून, केसांवरून हात फिरवून, फोटो काढायला बसतात तशी पाठ ताठ केली. तिला समोर आता पुन्हा काहीतरी पांढरं हलताना दिसत असणार. ती हसली, पण फोनकडे बघून नाही. डावीकडे, कपाटाच्या दाराकडे बघून.

“इकडे बघ ना, ताई,” मावशी म्हणाली.

आईने मान थोडी वळवली, मग जास्त वळवली, आणि तिची नजर फोन ओलांडून खिडकीकडे गेली. मावशी पुन्हा म्हणाली, इकडे. आई गोंधळली. तेव्हा मी फोन धरून दोन पावलं सरकलो आणि खिडकीपाशी, आई जिथे बघत होती तिथे, जाऊन उभा राहिलो.

“हां,” मावशी म्हणाली. “आता आलीस.”

मावशीने औषधं वेळेवर घे म्हणून सांगितलं, आईने तिकडे थंडीत कान बांध म्हणून सांगितलं. आईची नजर सरकली की मी सरकायचो. मध्येच मावशी नुसती बघत बसली, आणि आपल्याकडे कुणी बघतंय हे आईला कसं कळलं कोण जाणे, तीही तशीच बसून राहिली. तिकडे खाली गाडीचा हॉर्न वाजला. मावशी येते म्हणाली. आई ये म्हणाली.

फोन बंद झाला. आई खिडकीकडे बघून हसतच होती, आणि माझा हात मला लगेच खाली घेता येईना.